ओसरीवर कोण आहे

४ सप्टेंबर, कोशकार्यालय

चि. शेंडेफळ,

आशीर्वाद पाठवते आहे. नको असले तर तलावाच्या काठावर ठेव, कोणा ओल्या माणसाला उपयोगी पडतील.

तुझा पत्ता म्हणून माझ्याकडे एवढंच आहे: पोहण्याच्या तलावाचं कार्यालय, आणि त्यापुढे तुझा हुद्दा, शिक्षक. आपल्या घरात यंत्रांशी बोलणारा एकच निघाला, तोही पाण्याशी बोलायला गेला. पाणी उलट उत्तर देत नाही हे खरं.

अप्पा ठीक आहेत.

वरचं वाक्य खोटं आहे. मुद्दाम खोडत नाही. दूरच्या माणसाला ‘सगळं ठीक’ म्हणून कळवायचं हा आपल्या घराचा वाण आहे, आणि तो घेतल्याची चव तुला माहीत आहे. अप्पा रुग्णालयात आहेत. हृदय दमलं आहे. डॉक्टरांना विचारलं तर त्यांची सगळी क्रियापदं विध्यर्थी: व्हावेत, उतरावं, बघावं. मी आयुष्यभर शब्दांचे अर्थ लावले, त्यामुळे अशा वाक्यांचा अर्थ मला लागतो.

आता कामाचं. ओसरी तुला आठवत असणारच. तरी लिहिते, म्हणजे मला नीट आठवतं आहे की नाही ते कळेल. कॉलेजात असताना तू घरासाठी गप्पांचा प्रोग्रॅम लिहिलास. चित्र नाही, आवाज नाही, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. ज्याने त्याने आपापल्या कॉम्प्युटरवरून आत यायचं, लिहायचं, बाकीच्यांनी वाचायचं. आपण तिसऱ्या मजल्यावर राहणारे, ओसरी कुठली असायला, म्हणून तू तिचं नाव ओसरी ठेवलंस. तिचं मुख्य यंत्र अजून अप्पांच्या टेबलाखालीच घरघरतं आहे. तू नियम घातलास: ओसरीवर एक जरी माणूस बसलेलं असेल तोवर झालेलं सगळं बोलणं राहील, शेवटचं माणूस उठलं की सगळं पुसलं जाईल. तू म्हणाला होतास, ‘भिंतींना कान असू देत, आठवण नको.’

आईला ते पुसणं काही पटेना. तिने आपला नियम वर चढवला. उठायचं असेल तर ‘मी उठते’ असं लिहायचं, आणि दुसरं कोणी ‘बसलो’ म्हणेपर्यंत जागा सोडायची नाही. दुसरं, कोणी लिहीत असेल तर मध्ये तोंड घालायचं नाही. पडद्याच्या तळाशी खूण यायची, ‘आई लिहीत आहे’, आणि ती बिचारी एका बोटाने लिहायची. तू म्हणायचास, ‘चला, मी आंघोळ उरकून येतो.’ येऊन पाहावं तर बाईंनी एवढ्या वेळात लिहिलेलं असायचं: ‘बरं.’

आई गेल्यावर तू ओसरी सोडलीस. मीही जवळजवळ सोडली. अप्पा मात्र तेव्हापासून उठलेले नाहीत. कॉम्प्युटर दिवसरात्र चालू, आणि स्वतः समोर. मी सुट्टीच्या दिवशी जायची, तेव्हा माझ्याशीही पडद्याकडे बघत बोलायचे. त्यांना जिन्यातून उचलून नेताना त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, ‘ओसरी रिकामी ठेवू नकोस.’ म्हणून मी कार्यालयातल्या माझ्या टेबलावरून आत जाऊन बसले आहे. एका बाजूला ‘म’ अक्षराचे शब्द, एका बाजूला ओसरी.

रोज भेटायला गेले की त्यांचा एकच प्रश्न.

‘ओसरीवर कोण आहे?’

‘मी आहे, अप्पा.’

‘तो?’

‘येईल.’

‘येऊ दे. मग मी निजतो.’

नर्स म्हणते, आजोबा झोपेची गोळी घेऊनही डोळा लावत नाहीत. कोणाची वाट बघतात का? मी म्हटलं, हो, एका मास्तरांची.

ये म्हणत नाही. इथे येऊ नकोस वाटलं तर. तिथल्या तिथे कुठल्या कॉम्प्युटरवरून ओसरीवर ये, आणि एक शब्द लिही. अप्पांना मी सांगेन.

तुझी,
ताई


१३ सप्टेंबर, कोशकार्यालय

चि. शेंडेफळ,

उत्तर नाही. ठीक आहे. मौन हे अर्धी संमती असतं म्हणतात. उरलेल्या अर्ध्यासाठी पुन्हा लिहिते.

मागच्या पत्रात एक गोष्ट गाळली. घाबरशील म्हणून नाही, हसशील म्हणून. आणि तू हसलास तर मला ऐकू येणार नाही, ही एक वेगळी चिडचिड.

मी आत गेले तेव्हा उजवीकडच्या यादीत तीन नावं होती. ताई, अप्पा, आई. अप्पांचं समजू शकते, त्यांचा कॉम्प्युटर चालूच ठेवला आहे. आईचं नाव का असावं? आणि तळाशी खूण: ‘आई लिहीत आहे.’

मी आधी शास्त्रार्थ केला. धूर दिसला की अग्नी मानावा, हे आम्हाला न्यायशास्त्राच्या पहिल्याच वर्षी शिकवलं. पण डोंगरावर धुकं असलं तरी ते लांबून धुरासारखंच दिसतं, हेही शिकवलं. म्हटलं, तुझ्या प्रोग्रॅममध्ये कुठे तरी गाठ बसली असेल. ती उठल्याचं त्याला कळलंच नसेल, म्हणून खूण अडकून राहिली. हे मी नर्सच्या टेबलापाशी उभी राहून अप्पांना समजावलं.

अप्पा म्हणाले, ‘अडकलेली खूण हलत नाही.’

‘म्हणजे?’

‘त्याचं नाव काढून बघ.’

तार ऑफिसात जन्म गेलेला माणूस. प्रत्येक शब्दाचे पैसे पडतात अशा थाटात बोलणार, आणि निरोप मिळाला की ‘पोचलं’ म्हणून मोकळा होणार. जास्त विचारण्यात अर्थ नव्हता.

कार्यालयात आले. भर दुपार, खिडकीतून ऊन, शेजारच्या टेबलावर आमचे संपादक ‘मरगळ’ या शब्दावर मरगळून बसलेले. भुतांना ही वेळ सोयीची नाही. मी ओसरीवर लिहिलं, ‘आज ऊन फार आहे.’ खूण तशीच. लिहिलं, ‘अप्पांनी आज थोडं दूध घेतलं.’ खूण तशीच. मग लिहिलं, ‘शेंडेफळाला पत्र टाकलं.’

खूण थांबली.

गेली नाही, तिच्या पुढच्या तीन टिंबांचं लुकलुकणं थांबलं. कोणी लिहिता लिहिता बोट वर उचलावं आणि समोरचं वाचावं, तेवढाच वेळ. मग पुन्हा सुरू.

संपादक म्हणाले, ‘बाई, तुम्हाला बरं नाही का?’ मी म्हटलं, ‘मरगळ.’ ते खूष झाले, उदाहरण म्हणून टिपून घेतलं.

मग मी तेच केलं जे एखादी शहाणी मुलगी करील. मी लिहिलं, ‘आई, मी बसले आहे. तू ऊठ.’ काही झालं नाही. खूण लुकलुकत राहिली. आपल्याकडे थोरलीचं कोण ऐकतं? ऐकायचं ते शेंडेफळाचं.

ताई


२१ सप्टेंबर, घरून

शेंडेफळ,

आज आशीर्वाद वगैरे राहू दे.

अप्पांचे धुतलेले कपडे न्यायला दुपारी घरी आले. त्यांच्या टेबलाशी बसून त्यांच्याच पडद्यावर ओसरी बघत होते. वीज गेली. सगळ्या इमारतीची. खालच्या मजल्यावरचा मिक्सर थांबला, लिफ्टमध्ये कोणी तरी अडकून ओरडायला लागलं, आणि टेबलाखालचं ते यंत्र घरघर करत करत गप्प झालं. मी त्याच्यावर हात ठेवला. इतकी वर्षं गरम असलेली ती पत्र्याची पेटी हाताखाली निवत गेली.

मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? सुटलो. मग लगेच रडू आलं. ओसरीवर आईचं सगळं बोलणं होतं. तिचा घसा गेल्यावर तिची ती एवढीच वाणी होती ना, आतल्या खोलीतून ती लिहायची आणि अप्पा बाहेरच्या खोलीत वाचायचे. ते सगळं आता पुसलं. मी अप्पांना काय सांगणार होते?

वीज आली. बटण दाबलं. पडदा उजळला, आणि ‘ओसरी रिकामी आहे’ असं वाचायच्या तयारीने मी चष्मा पुसला.

सगळं होतं. पहिल्या दिवसाच्या तुझ्या ‘हॅलो हॅलो’पासून. तळाशी ‘आई लिहीत आहे’. यादीत आई आणि अप्पा.

माझं नाव तेवढं गळालं होतं. कार्यालयातून बसलेल्या मला तुझा नियम बरोबर लागू पडला. अप्पांचं यंत्र बंद पडलेलं मी डोळ्यांनी पाहिलं, तरी त्यांचं नाव तिच्या नावाला लागून जिथल्या तिथे होतं. कपडे तिथेच टाकून मी रिक्षाने रुग्णालयात गेले.

अप्पा होते. उशाला टेकून बसले होते. म्हणाले, ‘मधेच काळोख झाला.’

रुग्णालयात वीज गेली नव्हती. मी नर्सला विचारून घेतलं.

मग त्यांनी सांगितलं ते तुला लिहिते. आधी ठरवलं होतं की हे त्यांचं त्यांनी तुला सांगावं. पण ते सांगणार नाहीत, त्यांना एवढे शब्द परवडत नाहीत.

तू बाहेरगावी शिकत होतास, तुझी परीक्षा होती. आई आजारी आहे हे तुला कळू द्यायचं नाही असं अप्पांनी ठरवलं, आणि परीक्षा होईपर्यंत ओसरीवर येऊ नकोस, लक्ष उडतं, असं तुला बजावलं. तू शब्द पाळलास, आणि आम्ही तुला सगळं आटोपल्यावर कळवलं. हे तुला माहीत आहे, आणि यावरूनच तू गेलास. हे तुला माहीत नाही: आई रोज दुपारी तुझी वाट बघत ओसरीवर बसायची. शेवटच्या दुपारी तिने लिहिलं, ‘मी उठते आता. शेंडेफळ आला का?’ अप्पा बाहेरच्या खोलीत होते. ते ‘बसलो’ लिहिणार, तेवढ्यात खूण आली: आई लिहीत आहे. कोणी लिहीत असताना मध्ये बोलायचं नाही. अप्पा थांबले. आईला वेळ लागतोच. ऊन खिडकीवरून भिंतीवर गेलं, भिंतीवरून उतरलं, आणि ते आपले खुर्चीत हात मांडीवर ठेवून थांबले होते. मध्ये फक्त एक दार होतं, तेही उघडं.

‘मला वाटलं, मोठं काही तरी लिहितेय,’ असं ते म्हणाले. आणि मग, ‘वाक्य अर्धं आहे तिचं. मी उठू कसा?’

ती तेव्हापासून लिहितेच आहे, आणि ते तेव्हापासून थांबले आहेत. त्यांना तुझी माफी नको आहे, शेंडेफळ. तेवढं मागायची त्यांची टाप नाही. त्यांना फक्त ते वाक्य संपायला हवं आहे.

ताई


५ ऑक्टोबर, कोशकार्यालय

चि. शेंडेफळ,

तुझं कार्ड मिळालं. पुढच्या बाजूला ‘पोहण्यापूर्वी पाय धुवावेत’, मागच्या बाजूला तुझं अक्षर. इतक्या वर्षांत अक्षर सुधारलेलं नाही, म्हणजे तोच आहेस.

पुन्हा वाचते: ‘असं होऊ शकत नाही. वीज गेली की सगळं जातं. गेलं नसेल तर कोणी तरी आत होतं. मी नव्हतो. अप्पांनी मला एकदा फसवलं, तुझ्याकरवी पुन्हा फसवू नये.’

पहिल्या तीन वाक्यांशी मी सहमत आहे. आईचा कॉम्प्युटर मी तेव्हाच भंगारात दिला, हातगाडीवर चढवताना मी उभी होते. तेव्हा तिचं नाव कुठून बसलं आहे ते मला विचारू नकोस. प्रोग्रॅम तुझा आहे.

शेवटच्या वाक्याबद्दल. ‘ताई पण त्यातलीच’ असं तुला वाटणं स्वाभाविक आहे. आई आजारी असताना मीही तुला कळवलं नाही. अप्पांनी सांगितलं आणि मी मान डोलावली. पण हा फसवायचा बेत असता तर मी याहून पटण्यासारखं काही तरी रचलं असतं. मेलेली आई एका बोटाने टाइप करते आहे, ही थाप शाळेतल्या मुलालाही खपवता येणार नाही. मी कोशातली बाई आहे, माझ्या थापांनाही व्युत्पत्ती लागते.

आता जे खरोखर लपवलं होतं ते. मी तुला विनोद लिहिते आहे, पण मला भीती वाटते. गेला आठवडाभर मी टेबल फिरवून, पाठ भिंतीला लावून बसते, म्हणजे पाठीमागे कोणी नको. परवा दुपारी खूण इतकी जोरात लुकलुकत होती की मला तिच्या बोटाचा आवाज ऐकू येतो आहे असं वाटलं. टक, आणि बराच वेळाने टक. मी उठून पाहिलं. संपादक पेन्सिल आपटत होते. त्यांना थांबायला सांगितलं. ते थांबले. आवाज थांबला नाही.

अप्पा आता बोलत नाहीत. काल तर डोळेही मिटले होते. ‘ओसरीवर कोण आहे’ असं नुसत्या ओठांनी विचारतात. मी ‘मी आहे’ म्हणते आणि ते मान हलवतात, म्हणजे मी पुरेशी नाही. डॉक्टरांची क्रियापदं आता भूतकाळाकडे सरकली आहेत.

तुझ्या तलावाच्या व्यवस्थापकाकडे कॉम्प्युटर असेलच. पाय धुवावेत हे छापायला तरी लागला असेल. त्याला म्हणावं, घरी एक शब्द कळवायचा आहे. मंगळवारी दुपारी मी ओसरीवर असेन. तू नाही आलास तर मी पुन्हा पत्र लिहिणार नाही, कारण मग सांगण्यासारखं एकच उरेल, आणि ते सगळं आटोपल्यावर कळवायची पद्धत मला मोडायची आहे.

ताई


१५ ऑक्टोबर, घरून

चि. शेंडेफळ,

हे पत्र टपालात टाकणार नाही, हातात देईन. तरी लिहिते आहे. तू तिकडून पाहिलंस, मी इकडून पाहिलं. दोन साक्षी जुळल्या म्हणजे प्रत्यक्ष सिद्ध होतं, असं आमचं शास्त्र. तुला माझ्या बाजूचं ठाऊक असू दे.

मंगळवारी दुपारी मी पडद्यासमोर होते. यादीत चौथं नाव आलं. इतक्या वर्षांनी ते नाव तिथे बघून मला पहिल्यांदा वाटलं ते अगदीच निरर्थक: अरे, याने नाव बदललं नाही. तू काही लिहीना. मीही लिहीना. तिसरं कोणी लिहीत होतं, आणि आपण दोघं ज्या घरात वाढलो तिथे मध्ये तोंड घालत नाहीत.

मग तू ते घातलंस. ‘बसलो, आई.’

खूण थांबली. मला वाटलं, मागच्यासारखी बोट उचलून वाचते आहे. पण या वेळी खूण गेली. तळ कोरा झाला. मी तो कोरा असलेला आधी कधी पाहिला होता ते आठवेना. आणि वर ओळ आली. तू वाचलीस, मी वाचली. ‘आलास. बरं.’ तेवढंच. इतकी वर्षं लिहीत होती ते एवढं.

त्याच्याखाली: ‘आई उठली.’

मी तुला काही तरी लिहायला घेतलं, इतक्यात दुसरी ओळ आली. ती अप्पांच्या नावाने होती. ‘पोचलं.’ आणि खाली, ‘अप्पा उठले.’

तू विचारलंस, ‘ताई, अप्पांच्या कॉम्प्युटरवर कोण आहे?’ मी उत्तर दिलं नाही, कारण कार्यालयाचा फोन वाजला आणि संपादकांनी तो माझ्याकडे धरला. ती नर्स होती. फार हळू बोलत होती. तिने सांगितलं तेव्हा मी तिला विचारलं, ‘आता? या क्षणी?’ ती म्हणाली, ‘हो बाई, हे आत्ताच. उजव्या हाताची बोटं चादरीवर हलली, तारेसारखी, आणि मग झोपले.’ तारेसारखी हा तिचा शब्द. तिला अप्पांचा पेशा मी सांगितलेला नव्हता.

घराची किल्ली माझ्या पिशवीत होती. पण कार्यालयातून मी आधी रुग्णालयात गेले, आणि रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी घरी. एकटीने अंधारात जाण्याइतकी माझी विद्या पोचलेली नाही. दार बंद होतं, कुलूप जसंच्या तसं. अप्पांच्या कीबोर्डवर महिन्याची धूळ होती, एकाही बोटाचा ठसा नसलेली. खुर्ची मात्र टेबलापासून मागे सरकवलेली होती. उठताना माणूस सरकवतो तशी. मी ती आत सारली नाही. तू येऊन बघ.

त्या दुपारी तू लिहिलंस, ‘मी उठतो. निघतो तिकडे.’ आणि मी फोन ठेवून आधी तेच लिहिलं जे लिहायला हवं होतं: ‘बसले.’ तू उठलास. यादीत माझं एकटीचं नाव उरलं; कार्यालयातला कॉम्प्युटर चालूच ठेवून आले आहे. वर सगळं तसंच आहे, तुझ्या ‘हॅलो हॅलो’पासून तिच्या ‘बरं’पर्यंत. मी उठले तर या वेळी मात्र पुसलं जाईल. आता धरून ठेवणारं दुसरं कोणी आत नाही. मी दिवसभर तळाकडे बघते, तो कोराच असतो.

अप्पांना तू येईपर्यंत रुग्णालयातच ठेवलं आहे. शेजारीपाजारी कुजबुजले, मी लक्ष दिलं नाही. या वेळी सगळं आटोपलेलं नसेल.

प्रवास लांबचा आहे. हे वाचशील तेव्हा तो संपलेला असेल, तरी म्हणते, घाई करून धडपडू नकोस. पण रेंगाळूही नकोस. बेल बंद आहे, दार वाजव. मी अप्पांच्या टेबलाशी असेन, माझ्या वेगळ्या स्टुलावर. आल्या आल्या पाय धू, मग आत ये, आणि सगळ्यात आधी तो एक शब्द लिही.

मी ‘बसले’ म्हणून बसले आहे, शेंडेफळ. तू आल्याशिवाय मला उठता यायचं नाही.

ताई